टोपली, चेंडू आणि तेरा कलमे

जगातील बहुतेक खेळ केव्हा आणि कोठे जन्मले हे कोणालाच सांगता यावयाचे नाही. लगोरीची पहिली चकती कोणी मांडली, पहिला खो कोणी दिला, हुतूतूचा पहिला दम कोणत्या गावच्या चव्हाट्यावर घुमला, याचा दाखला कोणत्याही दप्तरात सापडत नाही. जात्यावरच्या ओव्यांप्रमाणे हे खेळ आपोआप उगवले, आपोआप पसरले, आणि त्यांचे कर्तेपण साऱ्या समाजाकडे गेले. पण एक खेळ मात्र या नियमाला मोठा मौजेचा अपवाद आहे. त्याची जन्मतारीख ठाऊक, जन्मस्थळ ठाऊक, जनकाचे नाव ठाऊक. इतकेच काय, त्याच्या बारशाला टोपल्या आणून देणाऱ्या शिपायाचे नावदेखील इतिहासाने जपून ठेवले आहे. हा खेळ म्हणजे बास्केटबॉल होय.

आता बास्केटबॉलचा आणि आमच्या जेऊरचा संबंध काय, असे कोणी विचारील. सोलापूर जिल्ह्यात जेऊर नावाची दोन गावे आहेत. एक अक्कलकोटकडचे आणि दुसरे करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे. मी म्हणतो ते हे दुसरे. १८५९ साली आगगाडी आमच्या शिवारातून कुर्डुवाडीकडे गेली, पुढच्या साली सोलापुरास पोहोचली, आणि करमाळ्याला जाणारा उतारू जेऊरच्या फलाटावर उतरू लागला. ज्वारीचा, उन्हाचा आणि तालमीच्या लाल मातीचा हा मुलूख. कुस्ती आमची, कबड्डी आमची. आमच्याच जिल्ह्यातल्या वेळापूरने खो-खोत नाव काढले. क्रिकेट आधी रेडिओने आणि मग दूरदर्शनने घरोघर पोहोचवले. बास्केटबॉल म्हटले की मात्र आमच्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते : ‘तो उंच माणसांचा, शहरातला, साहेबी खेळ, आपल्याला काय करावयाचा?’ मुलांना खेळ शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा एकदा सविस्तर समाचार घ्यावा असे मनात होते. दिवाळीच्या फराळाबरोबर तो घेतला तर वाचक रागावणार नाहीत.

*

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे. तेथे वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे एक शिक्षणालय होते. १८९१ सालचा हिवाळा. बाहेर बर्फ पडलेले, मैदाने बंद. शरदातला फुटबॉल संपलेला आणि वसंतातला बेसबॉल अजून दूर. मधले चार महिने विद्यार्थ्यांनी व्यायामशाळेच्या चार भिंतींत कवायत करावी, अशी तेथील शिस्त होती. त्यातल्या अठरा जणांचा एक वर्ग या कवायतीला इतका कंटाळला होता की दोन शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकले. तेव्हा व्यायामविभागाचे प्रमुख ल्यूथर ग्यूलिक यांनी तो वर्ग जेम्स नेस्मिथ या तिशीतल्या शिक्षकाच्या गळ्यात मारला आणि सांगितले की, दिव्याच्या उजेडात, छपराखाली, हातपाय न मोडता खेळता येईल असा एखादा नवा खेळ काढा. मुदत चौदा दिवसांची.

हा नेस्मिथ मूळचा कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातला, आल्मॉन्ट गावचा. जन्म १८६१ चा. नवव्या वर्षीच आईबाप विषमज्वराने गेले आणि पोर मामाच्या शेतावर वाढला. पुढे तो धर्मशास्त्र शिकला, पण खेळाच्या मैदानावरही माणसाचे शील घडते अशी त्याची श्रद्धा असल्याने स्प्रिंगफील्डला आला. चौदा दिवसांपैकी बहुतेक दिवस त्याचे वाया गेले. फुटबॉल घरात आणून पाहिला तर खिडक्यांच्या काचा आणि पोरांच्या नडग्या धोक्यात. दुसरे खेळ आणून पाहिले, त्यांचीही तीच गत. शेवटी त्याने निराळा मार्ग धरला. खेळ आणण्याऐवजी त्याने खेळांचा विचार करावयास घेतला. सगळ्या खेळांत चेंडू असतो. रांगडेपणा कोठून येतो? रग्बीत गडी चेंडू घेऊन पळतो, म्हणून दुसऱ्याला त्याला पाडावे लागते. मग चेंडू घेऊन पळूच दिले नाही तर? पाडण्याचे कारणच उरले नाही!

एवढी एक कल्पना सुचली आणि सारा खेळ तिच्या मागोमाग चालत आला. पळावयाचे नाही, तर चेंडू कोणाला तरी दिला पाहिजे. चेंडू कोठे मारावयाचा? गोल समोर उभा असेल तर जो तो जोराने मारणार आणि मुस्कटे फुटणार. येथे नेस्मिथला लहानपणचा एक खेळ आठवला. मोठ्या धोंड्यावर एक लहान दगड ठेवावयाचा आणि तो लांबून दगड मारून पाडावयाचा. आपल्या लगोरीचाच हा दूरचा भाऊ. त्या खेळात जोराने मारणाऱ्यापेक्षा हलकेच कमानीने दगड टाकणारा सरस ठरत असे. मग गोल आडवा ठेवावा, तोही डोक्याच्या वर. म्हणजे जोर कामास येणार नाही, नेम कामास येईल. त्याने शिपाई स्टेबिन्स याच्याकडे अठरा इंची दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, स्टेबिन्सने पीच फळांच्या दोन टोपल्या आणल्या. त्या सज्जाच्या कठड्याला खिळ्यांनी ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर बसली. आणि आजही जगातल्या कोणत्याही मैदानावर जा, रिंगण दहा फुटांवरच, म्हणजे ३.०५ मीटरवरच आहे. रिंगणाचा व्यासही त्या मागितलेल्या खोक्यांइतकाच, सुमारे दीड फूट. एका शिक्षणालयाच्या सुताराने सज्जा किती उंचीवर बांधला, त्यावर पुढच्या सव्वाशे वर्षांच्या खेळाडूंच्या उड्या ठरल्या!

२१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ गड्यांचे दोन संघ पाडून पहिला सामना झाला. चेंडू फुटबॉलचाच. साऱ्या सामन्यात एकच गोल झाला आणि दर गोलानंतर चेंडू काढावयास शिडी लावण्याची तयारी होती. वर्गातल्या एकाने ‘नेस्मिथ-बॉल’ असे नाव सुचवले तेव्हा नेस्मिथ हसला आणि म्हणाला की अशा नावाने कोणताही खेळ मरेल. मग टोपली आहे आणि चेंडू आहे, तर ‘बास्केटबॉल’च का नको, असे ठरले. त्या अठरांत गेन्झाबुरो इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थी होता हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. म्हणजे ज्या दिवशी खेळ जन्मला त्याच दिवशी आशियाचा माणूस त्यात होता. साहेबी खेळ म्हणणाऱ्यांनी हा पहिला मुद्दा टिपून ठेवावा.

*

त्या दिवशी भिंतीवर डकवलेल्या दोन टंकलिखित कागदांवर तेरा कलमे होती. १५ जानेवारी १८९२ रोजी ती संस्थेच्या ‘ट्रँगल’ या पत्रात छापली गेली. ते मूळ कागद २०१० साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरना विकले गेले. कागदांची किंमत राहू द्या. कलमे काय सांगतात ते पाहू.

चेंडू एका वा दोन्ही हातांनी कोणत्याही दिशेला फेकावा. हाताने टोलवावा, पण मुठीने मारू नये. चेंडू घेऊन पळू नये. जेथे पकडला तेथूनच द्यावा. चेंडू हातांत धरावा, अंगाशी कवटाळू नये. खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालणे, मारणे हे अपराध. दुसऱ्यांदा केला तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. एका बाजूने लागोपाठ तीन अपराध केले तर प्रतिपक्षाला एक गोल. चेंडू सीमेबाहेर गेला तर आत टाकावयास पाच सेकंद. पंच दोन : एक माणसांवर लक्ष ठेवणारा, दुसरा चेंडूवर लक्ष ठेवणारा. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटे विसावा. ज्याचे गोल अधिक तो विजयी. साऱ्या शास्त्राचा सारांश एवढाच.

पण कोणताही कायदा कागदावर उतरला की माणसाची बुद्धी त्यातून वाट काढू लागते, आणि कायद्याला तिच्यामागे धावावे लागते. बास्केटबॉलचा पुढचा इतिहास हा या धावाधावीचा इतिहास आहे. पहिल्या नियमांत बाहेर गेलेला चेंडू जो आधी गाठेल त्याचा होता. मग चेंडू सज्जात गेला की गडी एकमेकांना रेटीत जिने चढू लागले. तेव्हा नियम झाला की ज्याच्या हातून चेंडू बाहेर गेला त्याच्या प्रतिपक्षाने तो आत टाकावा. सज्जात बसलेले प्रेक्षक आपल्या बाजूचा कैवार घेऊन हात घालीत आणि येणारा चेंडू उडवून लावीत. तो उपद्रव थांबावा म्हणून टोपलीमागे आधी जाळी आणि मग फळी आली. आज फळीवर चेंडू आपटून टोपलीत घालण्याचे जे कसब आहे त्याचे मूळ असे आगाऊ प्रेक्षकांत आहे! शिडीचा खटाटोप संपावा म्हणून टोपलीचे बूड गेले, लोखंडी कडे आले, खाली मोकळी जाळी लोंबू लागली. चेंडू घेऊन पळता येत नाही खरे, पण कोंडीत सापडलेल्या गड्याने तो जमिनीवर टाकून पुन्हा घेतला तर काय? त्यास कलमात बंदी नव्हती. त्या पळवाटेतूनच ‘ड्रिबल’ जन्मले. चेंडू एका हाताने आपटीत आपटीत पुढे जावयाचे. आज तीच खेळाची शोभा मानली जाते. एकदा थांबून चेंडू हातात धरला की पुन्हा आपटता येत नाही, आणि दोन्ही हातांनी आपटता येत नाही, एवढी मर्यादा कायद्याने घातली.

आजचे नियम थोडक्यात असे. मैदान २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. प्रत्येक बाजूचे पाच गडी मैदानात; बाकीचे बाकावर, हवे तेव्हा बदलता येणारे. दहा-दहा मिनिटांचे चार डाव. जवळून टोपली केली तर दोन गुण, ६.७५ मीटरच्या कमानीबाहेरून केली तर तीन. प्रतिपक्षाच्या अपराधाबद्दल मिळालेली मोकळी फेक साधली तर एक. आपल्या अर्ध्या मैदानातून आठ सेकंदांत पलीकडे गेले पाहिजे. टोपलीसमोरच्या आखलेल्या चौकोनात हल्ला करणाऱ्याने तीन सेकंदांहून अधिक ठाण मांडू नये. पाच अपराध झाले की गडी सामन्यातून गेला. आणि चोवीस सेकंदांत टोपलीवर फेक झालीच पाहिजे.

या चोवीस सेकंदांची कथा फार बोधप्रद आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेत व्यावसायिकांचा एक सामना १९-१८ असा संपला. आघाडी घेतलेला संघ चेंडू हातात धरून बसे आणि प्रेक्षक जांभया देत. शेवटी १९५४ साली सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी साधा हिशेब मांडला. चांगल्या सामन्यात दोन्ही मिळून सुमारे १२० फेका होतात. सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २८८० सेकंदांचा. भागिले की चोवीस आले. एका भागाकाराने खेळ वाचला. आंतरराष्ट्रीय नियमांत १९५६ साली तीस सेकंदांची आणि २००० साली चोवीस सेकंदांची मर्यादा आली.

हे वाचताना मला नेहमी आपल्या हुतूतूचे कौतुक वाटते. चढाई करणाऱ्याने किती वेळ प्रतिपक्षात राहावे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी घड्याळाशिवाय सोडवला होता. छातीतला दम हेच घड्याळ! दम संपला की वेळ संपली. त्यास पंच नको, किल्ली नको. आता कबड्डीतही चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे, पण मूळची युक्ती अमेरिकेच्या हिशेबापेक्षा पुष्कळ जुनी आणि काकणभर सरस आहे असे मी म्हणेन.

*

ज्या काळात स्प्रिंगफील्डची तेरा कलमे पृथ्वीप्रदक्षिणा करीत होती, त्याच काळात महाराष्ट्रात आपल्या देशी खेळांची कलमे लिहिली जात होती. गावोगाव हुतूतूचे नियम निराळे, खो-खोचे पाट निराळे. एका गावचा बाद दुसऱ्या गावी जिवंत! १९१४ साली पुण्यात खो-खोचे नियम बांधण्याचा उद्योग सुरू झाला. १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने ते प्रसिद्ध केले. हुतूतूचीही घडी त्याच सुमारास बसली. अमरावतीला १९१४ सालीच वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून सर्वत्र गाजला. सांगावयाचे ते हे की, लेखी नियमांची निकड ही काही साहेबाची लहर नव्हती. गाव सोडून परगावच्या माणसाशी खेळावयाचे झाले की दोघांना मान्य असा कागद लागतो. रेल्वे आली, गावे जवळ आली, आणि खेळांना कागद लागले. जेऊरसारख्या ठेसनाच्या गावाला हे निराळे समजावून सांगावयास नको.

या दोन प्रवाहांची गाठ पडली ती बर्लिनला, १९३६ च्या ऑगस्ट महिन्यात. त्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले. सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानावर झाले. १४ ऑगस्टला अंतिम सामन्याच्या वेळी असा पाऊस कोसळला की मैदानाचा राडा झाला, चेंडू उसळेना, ड्रिबल बंद पडले, आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. पंचाहत्तरीला टेकलेले नेस्मिथ त्या स्पर्धेस हजर होते. आपण मामाच्या शेतावर दगड मारावयास शिकलो त्यातून हे एवढे झाले, असे त्यांच्या मनात आले असेल काय? त्याच पावसाने त्याच दिवशीचा हॉकीचा अंतिम सामना दुसऱ्या दिवसावर ढकलला. आणि १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८-१ असे लोळवले ते आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. पण त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने मल्लखांब आणि हुतूतूची प्रात्यक्षिके करून दाखवली, हे मात्र फार थोड्यांना आठवते. एकाच शहरात, एकाच उत्सवात टोपलीचा खेळ आणि दमाचा खेळ जगापुढे उभे राहिले. एकाला त्या वेळी पदक होते, दुसऱ्याला टाळ्या. दुसऱ्याला आशियाई स्पर्धेत पदक मिळावयास १९९० साल उजाडावे लागले. खो-खोची विश्वचषक स्पर्धा तर २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झाली. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते.

*

हिंदुस्थानात बास्केटबॉल आणला तो वाय. एम. सी. ए.नेच. १९२० साली स्प्रिंगफील्डच्याच शिक्षणालयात तयार झालेले हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी खेळ गावोगाव नेला. १९३४ साली दिल्लीला राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. मराठी मुलखाचा धागा मात्र आणखी जुना आहे. मॅसॅच्युसेट्स प्रांतातूनच आलेल्या मिशनऱ्यांनी १८१३ साली मुंबईत पाय ठेवला. त्यांच्या संस्थेचे नावच ‘अमेरिकन मराठी मिशन’. १८३१ साली ते नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेले आणि पुढे सोलापुरासही पोहोचले. आमचा करमाळा तालुका या दोहोंच्या बरोबर मध्ये.

याच मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२७ साली मुंबईच्या नागपाड्यात ‘नेबरहूड हाउस’ उभारले. नागपाडा म्हणजे गरिबांची दाट वस्ती. मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, हिंदू, सारे एका गल्लीत. (१९३६ साली याच वास्तूत समाजकार्याची जी शाळा सुरू झाली तिचीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली.) या नागपाड्यात बास्केटबॉल असा रुजला की पुढे भारताच्या संघात जाणाऱ्या खेळाडूंचे ते माहेरघर बनले. अब्बास मुंतसिर तेथलेच. १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि भारताचे कर्णधारपदही त्यांनी भूषवले. तेव्हा हा श्रीमंतांचा खेळ आहे या म्हणण्याला नागपाड्याच्या गल्लीनेच उत्तर दिले आहे.

१९२७ हे साल मराठी माणसाच्या मनात दुसऱ्या एका कारणाने कोरलेले आहे. त्याच वर्षीच्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले. या दोन घटनांचा एकमेकींशी कसलाही संबंध नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पण खेळाचा विचार करताना माझ्या मनात त्या शेजारी शेजारी येऊन बसतात. ज्या समाजात पाणी वरून ओतावयाचे आणि भाकरी दुरून टाकावयाची, त्या समाजात ‘हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात द्या’ हा नियम साधा नसतो. आपल्या देशी खेळांत शिवणे म्हणजे मारणे. हुतूतूत शिवला की बाद, खो-खोत शिवला की बाद. बास्केटबॉलमध्ये अंगाला अंग लावून धसमुसळेपणा केला तर दोष करणाऱ्याचा, शिवला गेला त्याचा नव्हे. आणि चेंडू मात्र पाची जणांच्या हातांतून गेल्याशिवाय गाडे पुढे सरकत नाही. खेळाने जात जाते असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. मैदानावर एकमेकांना चेंडू देणारी मुले संध्याकाळी आपापल्या आळीत परततात, आणि आळी आपल्या जागी असते. तरीही मी एवढे पाहिले आहे की, मुलगा मोकळ्या जागी उभ्या असलेल्या गड्याला चेंडू देतो तेव्हा त्याचे आडनाव आठवीत बसत नाही. पाच सेकंदांत चेंडू द्यावयाचा असतो. आडनावाला तेवढा वेळ नसतो.

मुलींच्या बाबतीतही या खेळाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. खेळ जन्मून वर्षही झाले नव्हते तोच, स्प्रिंगफील्डजवळच्या नॉर्थॅम्प्टन गावी स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. २२ मार्च १८९३ रोजी मुलींचा पहिला सामना झाला, तो दारे बंद करून. पुरुषाला आत मज्जाव! मुलींना दम लागेल, त्या आडदांड होतील, या लोकापवादाच्या भीतीने तिने मैदानाचे तीन भाग पाडले आणि आपापला भाग सोडावयाचा नाही असा नियम केला. ते कुंपण मोडावयास कितीतरी दशके गेली. आज पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाचे नेतृत्व करून आली आहे आणि तिच्यासाठी मैदानात मध्ये कोणतीही रेघ नाही. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे खो-खोत भारताची कर्णधार झाली, २०२० साली अर्जुन पुरस्कार घेऊन आली. आमच्या भागात मुलगी मोठी झाली की तिचे मैदान बंद होते, ही रेघ अजून पुष्कळ घरांत आखलेली आहे. ती पुसणे पंचांच्या हाती नाही, घरच्यांच्या हाती आहे.

*

आमच्या जेऊरचेच नागराज मंजुळे यांनी २०२२ साली ‘झुंड’ चित्रपट काढला. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल सापडतो आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागते, ही त्याची कथा. अमिताभ बच्चन त्यात आहेत म्हणून तो अनेकांनी पाहिला. मला त्यातली भिंत आठवते. भिंतीच्या अलीकडे झोपडपट्टी, पलीकडे मैदान. गावाकडे अशी भिंत दिसत नाही, कारण मैदानच नाहीसे होत चालले आहे. उजनीचे धरण झाले, भीमेचे पाणी अडले, ऊस आला, केळी आली. जमिनीला भाव आला. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा असा हिशेब गावोगाव होऊ लागला. त्या हिशेबात पोरांचे खेळणे कोणत्या खात्यावर मांडावयाचे हे कोणाला सुचत नाही.

म्हणून बास्केटबॉलची ही सारी कुळकथा सांगितली. हा खेळ मुळात अडचणीच्या जागेसाठी काढलेला आहे. त्याला घडवले ते जागेच्या टंचाईने, मिळतील त्या टोपल्यांनी आणि सज्जाच्या कठड्याने. नऊ गडी असोत की पाच, जागा असेल तितके घ्यावेत. पहिल्या नियमांना याची मुभा होती. आमच्या काळ्या मातीत चेंडू उसळत नाही अशी तक्रार असेल, तर नेस्मिथच्या मूळ खेळात ड्रिबल नव्हतेच हे ध्यानात आणावे. तेव्हा तेरा कलमांचा मूळ खेळ तर आमच्या खळ्यावरही खेळता येईल.

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला करून झाला, फटाके संपले, आणि मुले ‘आता काय?’ म्हणून विचारू लागली की हे करून पाहा. लोहाराकडून दीड फूट व्यासाचे कडे वाकवून घ्या; लोहार नसेल तर बूड काढलेली जुनी पाटी चालेल. भिंतीवर किंवा लिंबाच्या खोडावर फूटपट्टीने दहा फूट मोजा. लहान मुलांसाठी आठ. फक्कीने हद्द आखा. घरातले, शेजारचे, वरच्या आळीचे, खालच्या आळीचे, मुलगे आणि मुली, सारे बोलवा आणि चिठ्ठ्या टाकून दोन बाजू पाडा. आजोबांना माणसांवर लक्ष ठेवावयास बसवा आणि आजीला चेंडूवर. आजीची नजर अधिक तीक्ष्ण असते. पळावयाचे नाही, ढकलावयाचे नाही, चेंडू पाच सेकंदांपेक्षा जास्त धरावयाचा नाही, एवढे तीनच नियम पहिल्या दिवशी सांगा. बाकीचे दहा मुले स्वतःच भांडत भांडत शोधून काढतील.